इन्सुलिनची जन्मकथा

आज मधुमेह झालेले एखादे मूल इतर मुलांप्रमाणे शाळेत जाते, मैदानावर खेळते आणि परीक्षेलाही बसते. त्याला नेमाने इन्सुलिन टोचून घ्यावे लागते, खाण्यापिण्याची पथ्ये सांभाळावी लागतात. परंतु नीट काळजी घेतली, तर ते मोठे होऊन दीर्घकाळ जगू शकते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मात्र ही स्थिती नव्हती. 1922 पूर्वी बालवयात मधुमेह जडला म्हणजे त्या मुलाचे आयुष्य फार तर काही महिन्यांचे किंवा थोड्या वर्षांचे उरले, असे समजले जाई. अशा मुलांना नवे आयुष्य देणारे औषध कॅनडा देशातील टोरांटो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. त्या शोधाची ही कथा आहे.

मधुमेह हा रोग मानवाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. या रोग्याच्या मूत्राला मधासारखी गोडी असते आणि त्याकडे मुंग्या धावतात, ही गोष्ट प्राचीन भारतीय वैद्यांच्या ध्यानी आली होती. ‘मधुमेह’ हे नावच त्या निरीक्षणाची साक्ष देते. रोगाची लक्षणे सर्वांना दिसत होती. रोग्याला सारखी तहान लागे, पुनःपुन्हा लघवीला होई, भरपूर अन्न खाऊनही तो दिवसेंदिवस खंगत जाई. पण असे का व्हावे, याचा उलगडा मात्र शेकडो वर्षे कोणालाही झाला नाही.

आपण भात, भाकरी, फळे असे जे अन्न खातो, त्यातील बऱ्याच भागाचे पचनानंतर ग्लुकोज नावाच्या साखरेत रूपांतर होते. ही साखर रक्तातून शरीरभर फिरते. शरीर हे कोट्यवधी सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे आणि या पेशींना काम करण्यासाठी साखरेचे इंधन लागते. मधुमेही माणसाच्या रक्तात साखरेचा साठा भरपूर असतो. पण ती स्नायूंसारख्या अवयवांच्या पेशींत पुरेशी शिरत नाही. धान्याने कोठार भरलेले असावे आणि घरातील माणसांनी मात्र उपाशी राहावे, तशी ही अवस्था होते. रक्तात साचलेली साखर मूत्रावाटे वाहून जाते. तिच्याबरोबर पाणीही जाते, म्हणून तहान लागते. साखर वापरता येत नाही म्हणून शरीर आपल्यातील चरबी आणि स्नायू जाळू लागते. त्यातून विषारी आम्ले निर्माण होतात आणि अखेरीस रोगी बेशुद्ध पडतो.

या रोगाचे मूळ कोठे आहे, याचा पहिला ठोस धागा 1889 साली हाती आला. स्ट्रासबर्ग येथे ऑस्कर मिंकोव्स्की आणि योझेफ फॉन मेरिंग या दोन वैद्यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड शस्त्रक्रिया करून काढून टाकले. स्वादुपिंड हा जठराच्या मागे असलेला लांबट अवयव आहे. अन्नपचनाला मदत करणारा रस तो तयार करतो, एवढे तेव्हा ठाऊक होते. परंतु तो अवयव काढून टाकताच त्या कुत्र्याला मधुमेह झाला! याचा अर्थ असा, की स्वादुपिंड पाचकरसाखेरीज आणखी काही तरी करीत असले पाहिजे.

त्याआधी वीस वर्षे, म्हणजे 1869 साली, बर्लिनमधील पाउल लांगरहान्स नावाच्या तरुण विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकातून स्वादुपिंडाचे निरीक्षण केले होते. नेहमीच्या पेशींच्या विस्तारात त्याला वेगळ्या पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले दिसले. समुद्रात बेटे दिसावीत तसे ते दिसत. त्यांचे कार्य काय, हे त्याला सांगता आले नाही. पुढे या पुंजक्यांना त्याच्या नावावरून ‘लांगरहान्सची बेटे’ असे म्हणू लागले. ही बेटे रक्तात एखादे द्रव्य सोडत असावीत आणि तेच साखरेवर नियंत्रण ठेवत असावे, असा तर्क संशोधकांनी बांधला. लॅटिन भाषेत बेटाला ‘इन्सुला’ म्हणतात. त्यावरूनच ‘इन्सुलिन’ हे नाव आले.

शरीरातील काही ग्रंथी अशी द्रव्ये थेट रक्तात सोडतात आणि ती द्रव्ये दूरच्या अवयवांना निरोप पोहोचवतात, हे विसाव्या शतकाच्या आरंभी स्पष्ट होऊ लागले होते. 1905 साली इंग्लंडमधील अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी या द्रव्यांना ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. मराठीत आपण त्यांना संप्रेरके म्हणतो. इन्सुलिन हे असेच एक संप्रेरक होते. पण त्याला स्वादुपिंडातून बाहेर काढून बाटलीत भरणे कोणालाच साधत नव्हते. अनेक देशांतील संशोधकांनी प्रयत्न केले. बर्लिनच्या गेऑर्ग त्स्युल्त्सर यांनी तयार केलेल्या अर्काने रोग्यांना थोडा गुण येई, पण त्याचे दुष्परिणाम इतके तीव्र होत, की तो उपाय सोडून द्यावा लागला. रुमानियातील निकोलाए पाउलेस्कू यांनी आपल्या अर्काने कुत्र्यांच्या रक्तातील साखर उतरवून दाखविली आणि ते प्रयोग 1921 साली प्रसिद्धही केले. परंतु रोग्यांना उपयोगी पडेल असे औषध त्यातून तयार होऊ शकले नाही.

तोवर वैद्यांच्या हाती एकच उपाय होता, तो म्हणजे उपासमार. अमेरिकेतील फ्रेडरिक ॲलन या वैद्यांनी रोग्यांना अगदी मोजके अन्न देण्याची पद्धत घालून दिली. अन्न कमी म्हणून साखर कमी, असा तो हिशेब होता. त्यामुळे मुले काही महिने अधिक जगत, पण ती अस्थिपंजर होऊन जात. मुलाला जेवू घालावे तर रोग बळावतो आणि न घालावे तर ते भुकेने झिजते, अशा कोंडीत त्या मुलांचे आईबाप सापडलेले असत.

अशा वेळी फ्रेडरिक बँटिंग या तरुण शल्यवैद्याच्या मनात एक कल्पना आली. बँटिंग यांचा जन्म 14 नोव्हेंबर 1891 रोजी कॅनडातील ॲलिस्टन या गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. टोरांटो विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेऊन ते पहिल्या महायुद्धात सैन्यात दाखल झाले. 1918 साली फ्रान्समधील रणभूमीवर त्यांच्या हाताला जखम झाली, तरी ते जखमी सैनिकांवर उपचार करीतच राहिले. या शौर्याबद्दल त्यांना पदकही मिळाले. युद्ध संपल्यावर त्यांनी कॅनडातील लंडन या शहरात दवाखाना थाटला. पण रोगी काही येईनात! पहिल्या महिन्यातील त्यांची कमाई अवघी चार डॉलर होती. निर्वाह चालावा म्हणून ते तेथील विद्यापीठात शिकवू लागले.

1920 सालच्या ऑक्टोबरअखेरीची ती रात्र होती. दुसऱ्या दिवशीच्या पाठाची तयारी करून बँटिंग यांनी झोपण्यापूर्वी स्वादुपिंडाविषयीचा एक लेख वाचला. स्वादुपिंडाची नलिका खड्याने बंद झाली, तर पाचकरस तयार करणाऱ्या पेशी सुकून जातात. बेटे मात्र शाबूत राहतात, असे त्या लेखात म्हटले होते. बँटिंग यांना झोप येईना. स्वादुपिंड कुटून अर्क काढताना त्यातील पाचकरसच त्या मौल्यवान द्रव्याचा नाश करीत असेल काय? मग कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नलिका बांधून टाकावी, पाचकरसाच्या पेशी सुकू द्याव्यात आणि उरलेल्या बेटांपासून अर्क काढावा! रात्री दोनच्या सुमारास उठून त्यांनी ही कल्पना वहीत टिपून ठेवली.

ही कल्पना घेऊन ते टोरांटो विद्यापीठातील प्राध्यापक जॉन मॅक्लिऑड यांच्याकडे गेले. मॅक्लिऑड हे मूळचे स्कॉटलंडचे. शरीरातील साखरेच्या प्रवासाचे ते नामांकित अभ्यासक होते. बँटिंग यांना संशोधनाचा अनुभव नाही, हे त्यांना लगेच उमगले आणि प्रारंभी ते साशंकच होते. तरीही त्यांनी उन्हाळ्यापुरती प्रयोगशाळेतील एक खोली, दहा कुत्रे आणि चार्ल्स बेस्ट नावाचा बावीस वर्षांचा एक साहाय्यक एवढी सामग्री बँटिंग यांना देऊ केली. बेस्ट यांनी नुकतीच पदवी परीक्षा दिली होती. रक्तातील साखर अचूक मोजण्याचे काम त्यांच्याकडे होते. 17 मे 1921 रोजी कामाला आरंभ झाला आणि काही आठवड्यांनी मॅक्लिऑड सुट्टीसाठी मायदेशी गेले.

आरंभी अपयशच पदरी पडले. उन्हाळा अतिशय कडक होता. शस्त्रक्रियेनंतर एकामागून एक कुत्रे दगावू लागले. काही कुत्र्यांच्या नलिका बांधल्या होत्या, पण त्या गाठी सैल पडल्याने सगळी खटपट वाया गेली. बँटिंग यांना वेतन नव्हते. तरीही दोघांनी चिकाटी सोडली नाही. 30 जुलै रोजी त्यांनी आपला अर्क मधुमेह झालेल्या एका कुत्र्याला टोचला. तासाभरात त्याच्या रक्तातील साखर 0.20 टक्क्यांवरून 0.12 टक्क्यांवर उतरली! तो कुत्रा लवकरच मेला. परंतु मार्ग योग्य आहे, हे दोघांना कळून चुकले.

मॅक्लिऑड परत आल्यावर त्यांनी प्रयोगांची कठोर तपासणी केली. अमुक आकडा असा का आला, तमुक प्रयोग पुन्हा करून पाहिला काय, असे प्रश्न ते विचारू लागले. बँटिंग यांना हा अविश्वास वाटला आणि दोघांत खटके उडाले. पण त्या प्रश्नांमुळेच प्रयोगांत नेमकेपणा आला. पुढे एक नवल घडले. नलिका बांधण्याची मुळी गरजच नाही, कसाईखान्यातून आणलेल्या जनावरांच्या ताज्या स्वादुपिंडापासूनही मद्यार्काच्या साहाय्याने अर्क काढता येतो, असे आढळून आले. ज्या कल्पनेने बँटिंग यांची झोप उडविली, ती अनावश्यक ठरली. पण त्या कल्पनेच्या मागे गेल्यामुळेच शोधाचा दरवाजा उघडला.

मात्र अर्क अद्याप अशुद्ध होता. डिसेंबर 1921 मध्ये मॅक्लिऑड यांनी जेम्स कॉलिप या निष्णात जीवरसायनशास्त्रज्ञाला या कामात सामील करून घेतले.

त्या वेळी टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा मृत्यूशी झुंजत होता. त्याचे वजन अवघे 65 पौंड, म्हणजे सुमारे 29 किलोग्रॅम उरले होते. इतर सर्व उपाय थकले होते. 11 जानेवारी 1922 रोजी बँटिंग आणि बेस्ट यांनी तयार केलेला अर्क त्याला टोचण्यात आला. दर 100 मिलिलिटर रक्तामागे 440 मिलिग्रॅम असलेली साखर 320 पर्यंत खाली आली, पण सुई टोचलेल्या जागी गळू झाले आणि रोग्याला म्हणावा तसा आराम पडला नाही. प्रयोग थांबवावा लागला. नव्या औषधाने मुलाला अपाय झाला, तर पुढे कोण धजावणार? कॉलिप रात्रंदिवस अर्क शुद्ध करण्याच्या मागे लागले आणि थोड्याच दिवसांत त्यांना ती युक्ती साधली. 23 जानेवारीला हा शुद्ध अर्क लिओनार्डला देण्यास सुरुवात झाली. चोवीस तासांत साखर 520 वरून 120 वर आली. मुलाच्या अंगात बळ येऊ लागले, त्याची कळा पालटली. ज्याचे दिवस भरले असे सर्वांना वाटत होते, तो लिओनार्ड त्यानंतर तेरा वर्षे जगला.

ही वार्ता पसरताच जगभरातून रोग्यांच्या आप्तांची पत्रे येऊ लागली. पण औषध पुरणार कसे? त्यातच एक संकट ओढवले. मोठ्या प्रमाणावर अर्क तयार करू लागताच तो साधेना, आणि मग कॉलिप यांना पूर्वी जमलेली कृतीही काही आठवडे जमेना. ज्या औषधाने मुले वाचतात हे सिद्ध झाले होते, ते औषधच तयार होत नव्हते! अखेरीस पुन्हा प्रयोग करून ती कृती हस्तगत करण्यात आली. विद्यापीठाच्या कॉनॉट प्रयोगशाळेने आणि एलाय लिली या अमेरिकन कंपनीने उत्पादन वाढविले. 1922 च्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी टोरांटोला आली. ती पंधरा वर्षांची होत होती आणि तिचे वजन होते 45 पौंड! इन्सुलिन मिळू लागताच तिला पोटभर जेवता येऊ लागले. पुढे ती शिकली, संसारी झाली आणि 1981 पर्यंत जगली.

या औषधाच्या बळावर संशोधकांना अमाप संपत्ती मिळविता आली असती. परंतु बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपले हक्क प्रत्येकी केवळ एका डॉलरच्या मोबदल्यात टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. दुसऱ्या कोणी या औषधावर मक्तेदारी मिळवून रोग्यांना नाडू नये, हा त्यामागील हेतू होता.

1923 साली बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. आपल्याबरोबर बेस्ट यांचे नाव नाही, याचा बँटिंग यांना संताप आला आणि त्यांनी आपल्या वाट्याची अर्धी रक्कम बेस्ट यांना दिली. मॅक्लिऑड यांनीही आपली अर्धी रक्कम कॉलिप यांना दिली. श्रेय कोणाचे, यावरून या चौघांत मतभेद झाले, मनेही दुखावली. तथापि एकाची जिद्द, दुसऱ्याचे नेमके मोजमाप, तिसऱ्याची चिकित्सा आणि चौथ्याचे रसायनज्ञान यांपैकी एकही गोष्ट उणी असती, तर लिओनार्ड वाचला नसता.

इन्सुलिनचे कार्य कसे चालते, हे नंतरच्या संशोधनातून उलगडत गेले. आपण जेवतो तेव्हा रक्तातील साखर वाढते आणि बेटांतील पेशी इन्सुलिन सोडतात. स्नायूंच्या पेशींच्या पृष्ठभागावर या संप्रेरकाला ओळखणारी रचना असते. कुलपात किल्ली बसावी तसे इन्सुलिन तिच्यात बसते. मग पेशीच्या आत निरोप जातो आणि साखरेला आत घेणाऱ्या वाटा खुल्या होतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून बेटांतील या पेशींचा नाश करते. तेथे किल्लीच नाहीशी होते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात किल्ली असते, पण कुलूप सहजासहजी फिरत नाही आणि हळूहळू किल्ल्याही अपुऱ्या पडू लागतात. हा दुसरा प्रकार अधिक आढळतो. नियमित व्यायाम आणि बेताचा आहार यांनी तो पुष्कळदा टाळता किंवा लांबविता येतो.

केंब्रिज येथील फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनच्या रेणूत 51 अमिनो आम्ले कोणत्या क्रमाने जोडलेली आहेत, हे 1955 पर्यंत शोधून काढले. 1969 साली डोरोथी हॉजकिन यांनी त्या रेणूची त्रिमितीय रचना उलगडली. 1978 साली शास्त्रज्ञांनी जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करवून घेतले आणि 1982 पासून ते औषध म्हणून मिळू लागले. त्यापूर्वी इन्सुलिन गायी-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढावे लागे.

त्याच 1978 साली टोरांटो विद्यापीठाने ‘बँटिंग आणि बेस्ट मधुमेह केंद्र’ स्थापन केले. याच विद्यापीठातील डॅनियल ड्रकर यांनी आतड्यात तयार होणाऱ्या आणि इन्सुलिनला साहाय्य करणाऱ्या एका संप्रेरकाचा दीर्घकाळ अभ्यास केला. अशा अभ्यासातून मधुमेहावरील नवी औषधे निर्माण झाली आहेत. एका उन्हाळ्यापुरत्या मिळालेल्या खोलीत सुरू झालेले काम त्या विद्यापीठात पिढ्यान् पिढ्या चालू राहिले आहे.

बँटिंग 1941 साली एका विमान अपघातात मृत्यू पावले. 14 नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस जगभर ‘जागतिक मधुमेह दिन’ म्हणून पाळला जातो. भारतात तोच दिवस बालदिन म्हणून साजरा होतो.

इन्सुलिनने रोगी जगतो, पण रोग समूळ नाहीसा होत नाही, याची जाणीव खुद्द बँटिंग यांनाही होती. ज्या घरात त्यांना ती रात्रीची कल्पना सुचली, त्या लंडन शहरातील घराच्या आवारात 1989 साली एक ज्योत प्रज्वलित करण्यात आली. तिला ‘आशेची ज्योत’ म्हणतात. मधुमेह पूर्णपणे बरा करणारा उपाय सापडेल, त्या दिवशीच ती विझवायची, असे ठरले आहे. ती ज्योत अजून तेवत आहे.

स्वाध्याय

शब्दार्थ : खंगणे – रोगाने क्षीण होणे; अस्थिपंजर – हाडांचा सापळा; शल्यवैद्य – शस्त्रक्रिया करणारा वैद्य; साशंक – मनात शंका असलेला; निष्णात – विषयात अत्यंत कुशल; मक्तेदारी – एकट्याचाच हक्क.

1. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) ‘इन्सुलिन’ हे नाव कशावरून पडले?
(आ) 1922 पूर्वी मधुमेही मुलांवर कोणता उपाय करीत? त्या उपायातील दोष कोणता?
(इ) मॅक्लिऑड यांच्या प्रश्नांचा बँटिंग यांच्या कामाला कोणता लाभ झाला?

2. कारणे द्या :
(अ) मधुमेही माणसाला सारखी तहान लागते.
(आ) लिओनार्डला दिलेले पहिले औषध थांबवावे लागले.
(इ) संशोधकांनी आपले हक्क एकेका डॉलरला दिले.

3. ‘कोठार भरलेले आणि माणसे उपाशी’ या दाखल्यातून मधुमेहाचे वर्णन कसे स्पष्ट होते, ते पाच-सहा ओळींत लिहा.

4. पुढील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : ध्यानी येणे, अपयश पदरी पडणे, खटके उडणे, कळा पालटणे.

5. इन्सुलिनच्या शोधाचे खरे श्रेय कोणाला द्यावे, याविषयी वर्गात चर्चा करा. आपले मत सांगताना पाठातील आधार द्या.